स्पष्ट ऐकू आलं

सोमवार, ७ ऑक्टोबर २०१९

"दर्ब गल्लफच्या कारागीर बंधूंनो! आणि नवं यंत्र घरी नेऊन वर्षाच्या आत ते मेलं म्हणून पुन्हा आमच्या दारात उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकांनो! आपलं दुखणं एकच आहे. आपल्या कानांची फसवणूक होते आहे, आणि त्या फसवणुकीचा भाव दर वर्षी वाढतो आहे!"

सुरुवात अशीच करायची. रविवारी, ३ नोव्हेंबरला, दर्ब गल्लफ बाजाराच्या युवागृहात सभा आहे. दुरुस्तीवाल्यांच्या संघटनेने बोलायला मला सांगितले. दुसऱ्या कुणाला सांगणार? चाळीस वर्षे कासाब्लांकातल्या गिरणीच्या फाटकांवर आणि चहाच्या दुकानांत मीच बोलत आलो आहे.

पुढचा भाग आज लिहिला. माझ्या वडिलांच्या रेडिओला चार स्क्रू होते. ते काढले की आत सगळे दिसायचे. आजच्या स्पीकरला स्क्रूच नसतो. तो चिकटवलेला असतो, उघडायचा तर फोडावा लागतो. मागच्या आठवड्यात एक फोडला. आत नखाएवढा स्पीकर, आणि हाताला वजन लागावे म्हणून तळाशी चिकटवलेला लोखंडाचा तुकडा! गेल्या वर्षी हाच चारशे दिरहमना होता, यंदा साडेसहाशेला. वाढले काय? फक्त खोक्याचा पुठ्ठा.

बायकोला, मन्नानाला, वाचून दाखवले. ती मटार सोलत होती. म्हणाली, "छान आहे. पण बूशाइब, तुझ्या भाषणातही एक लोखंडाचा तुकडा आहे, वजनासाठी बसवलेला."

"कुठला?"

"ते तूच शोध. कारागीर तू आहेस."

बुधवार, ९ ऑक्टोबर

आज दुपारी लाल्ला तामू आली. वीस-पंचवीस वर्षांनी आली असेल. एक्याऐंशी वय. अंगातला लांब जेलाबा स्वच्छ, हातात उशीचा अभ्रा, आणि अभ्र्यात लाल रंगाचा नवा कॅसेट प्लेअर. जुन्या धाटणीचा दिसावा म्हणून त्याच्यावर लाकडाच्या रंगाचा कागद चिकटवलेला. झाकणाच्या फटीतून तपकिरी फीत बाहेर लोंबत होती. कोंबडी साफ करताना आतडी लोंबतात तशी.

"बघ रे पोरा," ती म्हणाली. "यानं माझ्या मुलाला खाल्लं."

तिचा मुलगा अब्देनबी फ्रान्सच्या उत्तरेला कोळशाच्या खाणीत होता. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत तिकडेच वारला. त्याच्याबरोबर परत आलेल्या पेटीत ही कॅसेट होती. नवऱ्याने ती कधी लावू दिली नाही. मेलेल्याचा आवाज घरात नको म्हणायचा. नवरा यंदाच्या वसंतात गेला. मग तामूने पैसे साठवून साडेसहाशेचे हे लाल यंत्र घेतले, आणि त्याने पहिल्याच दिवशी फीत चावली.

"मला घाई आहे," ती म्हणाली. "उजवा कान गेला. डावा जायच्या वाटेवर आहे. डॉक्टर म्हणतो, थंडी संपेपर्यंत. त्याच्या आधी ऐकायचंय."

मी प्लेअर उचलला आणि तो विकणाऱ्या मिलूदच्या गाळ्यावर तडक गेलो. आमच्या दोघांमध्ये तीन दुकाने आहेत. ती तिन्ही बाहेर आली.

"हे काय विकलंस तिला?"

"मअल्लम, उस्ताद माणूस तू, ओरडू नकोस. मी विकतो, बनवत नाही. मी तिला स्वस्तातला दाखवला होता. ती म्हणाली, महागातला दे, मुलगा आहे आत. महाग म्हणजे चांगला, असं तिलाच वाटलं."

"आणि तू वाटू दिलंस!"

"मग काय करू? दुकानावर पाटी लावू, सगळं भंगार आहे म्हणून?" लोक हसले. मग तो हळूच म्हणाला, "खरं सांग, तू आयुष्यात कधी हलका पार्ट बसवला नाहीस?"

"कधीच नाही!" मी म्हणालो. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणालो.

मिलूदने पैसे परत दिले, हे लिहून ठेवले पाहिजे. वाईट माणूस नाही तो.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

फितीचे काम झाले. सुरकुतलेला भाग कपड्याखाली ठेवून कोमट इस्त्रीने सरळ केला, पाच ठिकाणी जोड दिला. कॅसेटची जुनी डबी फुटली होती, म्हणून स्क्रूवाली नवी डबी घातली. आठवडा गेला. उद्या दुकानातल्या मोठ्या कॅसेट-डेकवर लावीन.

हा डेक एकोणऐंशीचा. अकरा किलो. एका कॅफेवाल्याने मिलूदमार्फत नऊ हजार देऊ केले होते, शोभेला. वाजवायला नाही, शोभेला! पूर्वी चांगली वस्तू वापरायला मिळायची, आता बघायला मिळते. हे भाषणात घालायचे.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

लावली. पहिलाच आवाज माझा.

"कासाब्लांका, दर्ब गल्लफ, बूशाइबचं दुकान. चौदा मार्च त्र्याऐंशी. पत्र मिळालं, स्पष्ट ऐकू आलं. बोल, लाल्ला."

मी एकटाच हसलो. काय आवाज होता! त्या काळी अर्धा मोहल्ला माझ्याकडे यायचा. ना मुलांना धड लिहिता येत होते, ना आयांना वाचता. मुले तिकडून कॅसेटवर बोलून पाठवायची. आया माझ्या दुकानात ऐकायच्या आणि लगेच त्याच कॅसेटवर उत्तर बोलायच्या. नवी कॅसेट कोण घेणार? जुने पत्र पुसायचे, वर नवे. एकच कॅसेट वर्षभर समुद्र ओलांडत राहायची. आणि प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला मी हेच म्हणायचो. पोस्टाचा शिक्का असतो तसा तो माझा शिक्का.

पण त्यामुळे एक गोष्ट आता सांगावी लागणार. या कॅसेटवर अब्देनबी नाही. त्याच्या आईने त्याला धाडलेले उत्तर आहे.

शनिवार, १९ ऑक्टोबर

तामूच्या डाव्या कानावर मोठा हेडफोन नीट बसवला. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, "ही बाई कोण?"

"लाल्ला, ती तूच आहेस."

"मी? इतकी खणखणीत?" ती क्षणभर लाजली, खरोखर लाजली. मग तिचा चेहरा बदलला. "म्हणजे हे मी त्याला बोललेलं. मग त्याचं पत्र कुठंय?"

"याच्याच खाली होतं."

"खाली म्हणजे?"

"पुसलं गेलं."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, माझ्याकडे न बघता उठली आणि गेली. अभ्रा इथेच राहिला. मी त्याची घडी घालून ठेवली आहे.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

कॅसेटमध्ये कुणीतरी खोकते.

तामू बोलता बोलता थांबते तिथे. पहिल्या बाजूला सातव्या मिनिटाला, मग नवव्या. मला वाटले, रांगेतला कुणी असेल. पण दुकानातला खोकला दुकानातून आल्यासारखा वाटतो; पत्र्याचे छप्पर, बाहेरचा फेरीवाला, सगळे त्याच्याबरोबर येते. हा खोकला कुठूनच येत नाही. फितीच्या मागच्या अंगाने येतो.

मन्नाना दुपारचा डबा घेऊन आली होती. तिला काही न सांगता ऐकवले.

"कोण रे हा? फार आजारी आहे."

"कुणी नाही. फीत हलक्या दर्जाची असणार. आधीचं नीट पुसलं गेलं नाही."

"म्हणजे पोरगा आहे यात?"

मी म्हणालो, तसे होऊ शकत नाही. माझ्या यंत्राने कधी अर्धवट पुसले नाही. कॅसेटच्या कंपन्या तेव्हापासूनच लबाड होत्या. तो मुद्दा भाषणात घ्यायला हवा.

दुपारभर डेकच्या हेडचा, फीत वाचणाऱ्या भागाचा, कोन बदलत बसलो. हेड फितीला जरा तिरके लागले की आवाज घोंगडीखाली जातो. स्क्रू केसभर फिरवला की वर येतो. तो वर येतो आहे.

बुधवार, २३ ऑक्टोबर

तीन गिऱ्हाइके परत पाठवली. ड्रिल चालू केले तरी खोकला. चहाची किटली उकळायला लागली तरी खोकला.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

फळीवरून त्र्याऐंशीचे यंत्र खाली काढले. तेच, ज्याच्यावर सगळ्यांची पत्रे झाली. तीस वर्षांची धूळ झटकली. फक्त खात्री करायची होती. चार स्क्रू. उघडले.

आतले दोन्ही हेड, वाजवण्याचे आणि पुसण्याचे, या यंत्राचे नाहीत. मुलांच्या खेळण्यातल्या टेपचे आहेत. तिरके बसवलेले, एकाखाली आगपेटीच्या पुठ्ठ्याची चकती. चकती कापणारा हात मी ओळखतो.

आता आठवते. आठवते असे का लिहितो? विसरलोच कधी होतो? फेब्रुवारीत मूळ हेड झिजले. नवी जोडी एकशे ऐंशीला होती. जुन्या बाजारात बारा दिरहमला खेळणे मिळाले. म्हटले, आयांना काय कळते; आवाज आला म्हणजे झाले. उरलेल्या पैशात सभेची पत्रके छापली. मथळा मोठ्या अक्षरात होता: कामगाराचा आवाज ऐका.

खराब हेडने आवाज घोंगडीखाली घातला. आणि खराब हेडनेच तो पुरता पुसलाही नाही.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

मन्नानाने सात भाज्यांचा कुसकुस केला होता. मी दोन घास खाल्ले.

सोमवार, २८ ऑक्टोबर

चार दिवस ऐकून जे हाती आले ते इथे उतरवतो. तामू जिथे जिथे श्वास घ्यायला थांबते, तेवढ्याच फटींतून तो ऐकू येतो.

"यम्मा... खोकला जात नाही... डॉक्टर म्हणतो छातीत धूळ... वर उजेडातलं काम मागितलं, देत नाहीत... परत यायचं म्हणतोय... अब्बांना विचारू नकोस, तूच सांग... तू ये म्हणालीस तर ईदच्या आत येतो... थांब म्हणालीस तर थांबतो. पण तू सांग."

आणि त्याच्यावर तामूचा खणखणीत आवाज: "तू बरा आहेस ऐकून जीव निवला, बाळा. आहेस तिथंच राहा. अजून दोन वर्षं. धाकटीचं लग्न होऊ दे, मग ये."

ही कॅसेट त्याला मिळाली. त्याने ऐकली. पेटीत जपून ठेवली. आणि थांबला.

तो दिवस मला दिसतो आहे. यंत्रातून नुसता घुमणारा आवाज येत होता. शब्द एकही नाही. तामू पुढे वाकून बसलेली. बाहेर दहा-बाराजणींची रांग, एक मोठ्याने म्हणत होती, "आटपा गं, भाकरी भट्टीत टाकून आलेय!" तामूने विचारले, "काय म्हणाला?" मी उत्तर दिले. मीच दिले. "बरा आहे म्हणतो. सगळ्यांना सलाम सांगतो." आणि बटण दाबून बोललो: पत्र मिळालं, स्पष्ट ऐकू आलं.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

मन्नानाला सगळे सांगितले.

मी म्हणालो, "म्हातारीला सांगून काय मिळणार? पुसलं गेलं, हे तिनं मानलंय. उरलेले दिवस शांतपणे काढू दे. मी मेहरबानीच करतोय."

"कुणावर?"

मी समोरचे कागद सरळ करू लागलो.

"बूशाइब, तिनं तुला विचारलं होतं, काय म्हणाला. अजून तिला उत्तर मिळालेलं नाही. तिचा कान जाईपर्यंत वाट बघणार आहेस का?"

भाषणाचे कागद समोर होते. लोखंडाचा तुकडा सापडला. "कधीच नाही" हे वाक्य मी त्या पहिल्याच सोमवारी तिसऱ्या पानावर घातले होते, स्वतःबद्दल. खोडले.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

सकाळी तामूच्या घरी गेलो. डेक हातगाडीवर घातला. मिलूदने न विचारता दुसऱ्या बाजूने गाडी धरली, तीन जिने अकरा किलो वर चढवले, आणि दारातूनच परत गेला.

मी आधी सगळे सांगितले. हेड, खेळणे, रांग, मी काय म्हणालो ते. तिला किती ऐकू आले कळेना. ती एवढेच म्हणाली, "लाव."

तिने हेडफोन दोन्ही हातांनी डाव्या कानावर दाबला. माझा शिक्का वाजला. मग ती बोलू लागली, त्र्याऐंशीची तामू. सातव्या मिनिटाला खोकला आला आणि तिचे बोट वर झाले.

"यम्मा म्हणाला."

"हो."

"परत."

परत लावले. आणखी एकदा. मग पुढे. तो बोलायला लागला की वरून तिचाच आवाज यायचा. अचानक ती कॅसेटवर डाफरली, "गप्प बस ना बाई! त्याला बोलू दे! किती बडबड करतेस!"

शेवटपर्यंत ऐकले तिने. "पण तू सांग" पर्यंत. मग हेडफोन मांडीवर ठेवला. खाली कुणीतरी पुदिना विकत ओरडत होता.

"त्या दिवशी तुला ऐकू आलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही, लाल्ला."

"मग 'ऐकू आलं नाही' म्हणायला काय झालं होतं?"

मी म्हणालो, रांग होती. दुकानाचे नाव होते. यंत्र खराब आहे असे गावभर झाले असते. हे सगळे मी बोललो, आणि चाळीस वर्षे माणसे उभी करणारा माझा आवाज त्या खोलीत कुठेच पोचत नव्हता.

"मी दुसऱ्या दिवशी आले असते रे," ती म्हणाली. "मला काय काम होतं?"

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. चहा केला. माझ्या ग्लासात साखर जास्त घातली, तेव्हा मला जशी लागायची तशी. मग विचारले, "यावर आता आणखी कुणी बोलू शकतं का?"

कॅसेटच्या पाठीवर दोन लहान प्लास्टिकच्या जिभा असतात. त्या मोडल्या की त्यावर कुणालाच काही भरता येत नाही. मी त्या तिच्यासमोर मोडल्या. तिने दोन्ही तुकडे उचलून रुमालाच्या गाठीत बांधले. थंडी संपेपर्यंत डेक तिच्याकडेच राहील. नंतरही राहू दे.

निघताना जिन्यात तिने मागून हाक मारली.

"त्या रांगेत मी एकटी नव्हते, पोरा. जिला भट्टीची घाई होती ती शामा होती. तिचा मुलगाही तिकडेच होता. तिला काय सांगितलंस?"

मला आठवत नाही. अल्लाशप्पथ, मला आठवत नाही.

रविवार, ३ नोव्हेंबर, सकाळ

सभा अकराला आहे. जुने भाषण बाजूला ठेवले. स्पीकर, पुठ्ठा, लोखंडाचा तुकडा, त्यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि तो मी पुढच्या वेळी बोलेन. आज हे वाचणार:

दर्ब गल्लफच्या कारागीर बंधूंनो, आणि गिऱ्हाइकांनो. आपल्या कानांची फसवणूक होते आहे. कोण करते, हे सांगायला तुम्ही मला बोलावलेत. त्याचे नाव बूशाइब. त्याने एकशे ऐंशीच्या जागी बाराचा पार्ट बसवला, आणि जे ऐकू आले नाही ते ऐकू आले असे सांगितले. आज ज्या कारखान्यांना आपण शिव्या देतो त्यांनी माझ्यापेक्षा वेगळे काय केले? त्यांनाही रांगेची घाई आहे. त्यांनाही वाटते, आवाज आला म्हणजे झाले, लोकांना काय कळते.

मी किती पत्रे अशी बुडवली, मला ठाऊक नाही. त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीपासून दुकानातले यंत्र बंद होईपर्यंत, सहा वर्षे. पण ज्या खोट्या पार्टने ती बुडवली, त्यानेच ती पुरती बुडू दिली नाहीत. ती अजून तिथे आहेत. तुमच्या पेट्यांत, कपाटाच्या वरच्या फळीवर, मेलेल्या माणसाच्या कोटाच्या खिशात. तुमच्याच आवाजाच्या खाली कुणीतरी अजून तुम्हाला काहीतरी विचारते आहे.

आयांनो, शामा, जिवंत असशील तर तूही. जिच्या सुरुवातीला माझा आवाज "पत्र मिळालं, स्पष्ट ऐकू आलं" असे म्हणतो, ती कॅसेट शोधा. तपासायलाही घरच्या यंत्रात लावू नका; ओळखायचे काम माझे. तशीच, उद्या सकाळी, माझ्या दुकानात घेऊन या.